‘परजीवी आढळला नाही’ : ताज्या भाज्या-फळांच्या तपासणीचा नेमका अर्थ

शिजविल्याविना खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची सुरक्षितता कशी तपासावी, हा प्रश्न गेली तीन दशके जगभरातील अन्नसुरक्षा यंत्रणांपुढे उभा आहे. कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पाने, काकडी आणि मऊ सालीची फळे थेट शेतातून ताटात येतात. त्यांच्यावरील रोगकारक जीवाणू ओळखण्याच्या पद्धती आता चांगल्याच रुळल्या आहेत. मात्र डोळ्यांना न दिसणारे परजीवी आणि त्यांची अंडी शोधणे हे काम त्याहून पुष्कळच कठीण ठरले आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘परजीवी आढळला नाही’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ ‘परजीवी नव्हता’ असा होतोच असे नाही. हा फरक केवळ शब्दांचा नाही. त्यावर रुग्णांचे आरोग्य आणि शेतकऱ्यांची उपजीविका या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. १९९६ मध्ये उत्तर अमेरिकेत घडलेल्या एका घटनेने हे प्रकर्षाने दाखवून दिले.

स्ट्रॉबेरीवर आळ, दोष रास्पबेरीचा

१९९६ च्या वसंत ऋतूच्या अखेरीस अमेरिका आणि कॅनडात दीर्घकाळ टिकणाऱ्या अतिसाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. २० राज्ये, राजधानी वॉशिंग्टन आणि कॅनडाचे दोन प्रांत मिळून १,४६५ रुग्णांची नोंद झाली. सायक्लोस्पोरा कायेटानेन्सिस नावाचा एकपेशीय परजीवी या आजारास कारणीभूत होता. रुग्णांच्या विष्ठेत तो सापडला, पण तो नेमक्या कोणत्या खाद्यपदार्थातून आला हे समजत नव्हते.

प्रारंभी संशय कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरीवर घेण्यात आला. टेक्सासमधील आरोग्य अधिकाऱ्यांनी तसा इशाराही दिला आणि त्या फळाची मागणी घसरली. पुढे अनेक समारंभांतील जेवणाच्या तपशिलांची तुलना करण्यात आली, फळे कोठून आली याचा माग काढण्यात आला, आणि खरे कारण ग्वाटेमालातून आयात झालेल्या रास्पबेरी असल्याचे निष्पन्न झाले. तोवर कॅलिफोर्नियातील उत्पादकांना विनाकारण मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागले होते.

या संपूर्ण तपासात रास्पबेरीच्या एकाही फळावर प्रत्यक्ष परजीवी सापडला नाही, ही बाब महत्त्वाची आहे. सर्व निष्कर्ष रुग्णांच्या मुलाखती, पावत्या आणि मालवाहतुकीच्या नोंदी यांवर आधारलेले होते. पुढील वर्षी, १९९७ मध्ये, पुन्हा हजारावर रुग्ण आढळले. १९९८ च्या हंगामात अमेरिकेने ग्वाटेमालाच्या रास्पबेरींना प्रवेश नाकारला. त्या देशात १९९६ मध्ये रास्पबेरीचे सुमारे ८५ उत्पादक होते, २००२ पर्यंत अवघे तीन उरले. एका देशातील शेतकरी चुकीच्या संशयाने भरडले गेले, तर दुसऱ्या देशात दोषी शेते वेळीच निवडून काढता न आल्याने एक संपूर्ण व्यवसाय आक्रसला. फळावरचा परजीवी फळावरच ओळखता आला असता, तर हे दोन्ही प्रकार कदाचित टळले असते.

केसाच्या सात-आठव्या भागाएवढा शत्रू

सायक्लोस्पोराचा संसर्ग पसरविणारे रूप म्हणजे त्याचा ‘ऊसिस्ट’. जाड कवचात बंद असलेला हा गोल कण ८ ते १० मायक्रोमीटर व्यासाचा असतो. माणसाच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे ७० मायक्रोमीटरच्या आसपास धरली, तर हा कण तिच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच भरतो. या परजीवीचे नामकरण १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाले आणि लिमा येथील पेरूव्हियन कायेटानो हेरेदिया विद्यापीठावरून त्याला ‘कायेटानेन्सिस’ हे नाव मिळाले. तोपर्यंत काही संशोधक त्याला शेवाळासारख्या जीवाणूचा प्रकार समजत होते.

मनुष्य हाच या परजीवीचा एकमेव ज्ञात आश्रयदाता आहे. रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडणारा ऊसिस्ट तत्काळ संसर्गक्षम नसतो. माती किंवा पाण्यात साधारण एक ते दोन आठवडे राहिल्यानंतर त्याच्या आत विभाजन होते आणि मगच तो दुसऱ्या माणसाला आजारी पाडू शकतो. त्यामुळे माणसाकडून माणसाला थेट लागण होण्याची शक्यता फार कमी असते. मानवी मैल्याने दूषित झालेले पाणी किंवा माती भाजीपर्यंत पोहोचणे हाच त्याचा मुख्य मार्ग आहे.

अशाच मार्गाने येणारे इतरही परजीवी आहेत. क्रिप्टोस्पोरिडियमचा ऊसिस्ट ४ ते ६ मायक्रोमीटरचा, म्हणजे याहूनही लहान असतो. जिआर्डियाची पुटी त्यापेक्षा थोडी मोठी असते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा पसरतो आणि तो गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत विशेष चिंतेचा विषय मानला जातो. याखेरीज जंत आणि पट्टकृमी यांची अंडीही पालेभाज्यांवर येऊ शकतात. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया यांच्या बाबतीत दहाच्या आसपास कणही आजार होण्यास पुरेसे ठरू शकतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे.

प्रयोगशाळेची मूळ अडचण

जीवाणूंच्या तपासणीत प्रयोगशाळेला एक मोठी सवलत मिळते. भाजीच्या नमुन्यात साल्मोनेलाचे मोजकेच जीवाणू असले, तरी तो नमुना पोषक द्रवात ठेवून ऊब दिली की काही तासांत त्यांची संख्या लाखोंवर जाते. त्यानंतर त्यांना ओळखणे अवघड राहत नाही.

परजीवींचे ऊसिस्ट अशा द्रवात वाढत नाहीत. सायक्लोस्पोराची तर प्रयोगशाळेत नियमित वाढ करण्याची खात्रीशीर पद्धतही विकसित झालेली नाही. भाजीवर पाच ऊसिस्ट असतील, तर तपासणीच्या शेवटीही जास्तीत जास्त पाचच हाती लागणार. प्रत्यक्षात मधल्या प्रत्येक टप्प्यात काही निसटतातच. म्हणून परजीवी शोधण्याचे तंत्र हे मुख्यतः धुण्याचे, गोळा करण्याचे आणि गमावू न देण्याचे तंत्र आहे.

पहिला टप्पा धुण्याचा असतो. नमुना पिशवीत घालून त्यावर विशिष्ट द्रव ओतला जातो आणि पिशवी ठराविक वेळ हलविली जाते. सायक्लोस्पोरासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वीकारलेल्या पद्धतीत प्रयोगशाळेतील भांडी धुण्याच्या एका डिटर्जंटचे सौम्य द्रावण वापरले जाते. येथे पदार्थाचा पोत निर्णायक ठरतो. गुळगुळीत पानावरील कण तुलनेने सहज सुटतात. कोथिंबिरीच्या कातरलेल्या पानांत, तसेच रास्पबेरीच्या केसाळ दाण्यांच्या खोबणीत ते अडकून राहतात. रास्पबेरी जोराने हलविल्यास फुटते आणि तिचा रस पुढील तपासणीत अडथळा आणतो.

दुसऱ्या टप्प्यात धुतलेले पाणी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरविले जाते. जड कण तळाशी बसतात. या गाळात माती, परागकण, पानांचे तुकडे आणि बुरशीचे बीजाणूही असतात. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डियासाठी या गाळातून नेमके कण वेचण्याची एक कल्पक युक्ती उपलब्ध आहे. अतिसूक्ष्म चुंबकीय मण्यांवर प्रतिपिंडे बसविलेली असतात. ती परजीवीच्या कवचाला चिकटतात आणि चुंबकाने मणी ओढून घेतले की परजीवीही त्यांच्यासोबत येतो. पालेभाज्या आणि बेरीवर्गीय फळांवरील या दोन परजीवींसाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८७४४ याच तत्त्वावर आधारलेले आहे.

तिसरा टप्पा ओळखण्याचा. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया यांना चमकणारे रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडांनी रंगविले जाते. सायक्लोस्पोराला तशा रंगाचीही गरज भासत नाही. त्याच्या कवचावर अतिनील किरण पडले की ते स्वतःच निळसर प्रकाशाने उजळते. तरीही परागकण व अन्य काही कणही चमकत असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते. एक नमुना तपासण्यात पुष्कळ वेळ जातो, आणि थकलेल्या डोळ्यांतून कण सुटण्याची शक्यता राहतेच.

डीएनए तपासणीची झेप आणि तिच्या मर्यादा

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी पीसीआर तंत्राचा आधार घेण्यात आला. येथे परजीवीची संख्या वाढविता येत नसली, तरी त्याच्या डीएनएच्या एका ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढता येतात. त्याआधी ऊसिस्टचे चिवट कवच फोडावे लागते, आणि हे कामही सोपे नसते.

या तंत्राचे एक लक्षणीय यश २००० सालचे आहे. फिलाडेल्फिया येथे जून महिन्यात झालेल्या एका विवाह समारंभानंतर अनेक पाहुणे आजारी पडले. मुलाखत घेतलेल्या ७९ जणांपैकी ५४ जणांना लागण झाल्याचे आढळले. समारंभातील केकचा काही भाग शीतपेटीत जपून ठेवलेला होता. त्यातील रास्पबेरीच्या सारणात सायक्लोस्पोराचा डीएनए सापडला. चार वर्षांपूर्वी केवळ नोंदी जुळवून काढलेल्या निष्कर्षाला आता प्रत्यक्ष पदार्थातील पुराव्याची जोड मिळाली. अर्थात केक गोठवून ठेवलेला नसता, तर हा पुरावा हाती लागला नसता.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये अधिक सुधारित पीसीआर पद्धत आपल्या अधिकृत संहितेत समाविष्ट केली. कोथिंबिरीच्या २५ ग्रॅम किंवा रास्पबेरीच्या ५० ग्रॅम नमुन्यात पाचइतके थोडे ऊसिस्ट असले, तरी ते ओळखण्याची क्षमता या पद्धतीने चाचण्यांमध्ये दाखविली. याच प्रशासनाच्या तपासणी मोहिमेत २०१८ मध्ये अमेरिकेत पिकलेल्या कोथिंबिरीवर प्रथमच हा परजीवी सापडला. त्याच वर्षी एका मोठ्या उपाहारगृह साखळीतील सॅलडशी संबंधित ५११ रुग्णांची नोंद झाली होती. हा आजार केवळ आयात मालातून येतो, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

तथापि या तंत्रालाही तीन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे, डीएनए जिवंत परजीवीचा आहे की मृत परजीवीचा, हे साधी पीसीआर चाचणी सांगू शकत नाही. दुसरी म्हणजे, पक्षी व प्राण्यांतील काही निरुपद्रवी नातेवाईक परजीवींचा डीएनए सायक्लोस्पोराशी इतका मिळताजुळता असतो की आरंभीच्या चाचण्यांत गल्लत होण्याचा धोका होता. नव्या पद्धतींत डीएनएचे अधिक वेचक तुकडे निवडून तो कमी करण्यात आला आहे. तिसरी मर्यादा पुराव्याची साखळी जुळविण्याची आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील १४ राज्यांत पिशवीबंद सॅलडमुळे ७०१ जण आजारी पडले. तपासात फ्लोरिडातील एका कालव्याच्या पाण्यात सायक्लोस्पोरा आढळला, परंतु रुग्णांना झालेली लागण त्याच पाण्यातून आली, हे सिद्ध करता आले नाही.

नमुन्याचे गणित

तंत्र कितीही सूक्ष्म झाले, तरी नमुना निवडण्याचा प्रश्न शिल्लक राहतो. समजा, एखाद्या शेतातून आलेल्या कोथिंबिरीच्या प्रत्येक शंभर जुड्यांमागे एक जुडी दूषित आहे. त्यातील ६० जुड्या तपासल्या आणि प्रयोगशाळेकडून एकही चूक झाली नाही असे मानले, तरी दूषित जुडी हाती न लागण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते. ती हाती लागण्याची खात्री ९५ टक्क्यांपर्यंत न्यायची असेल, तर जवळजवळ ३०० जुड्या तपासाव्या लागतील. तपासलेली जुडी विकता येत नाही, आणि पाने दोन-तीन दिवसांत कोमेजतात. त्यामुळे प्रत्येक मालाची अशी तपासणी करणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही.

वेळेचे गणितही प्रतिकूल असते. सायक्लोस्पोराची लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारण आठवडा लागतो. विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत तो सहसा शोधला जात नाही, डॉक्टरांना ती चाचणी वेगळी सांगावी लागते. निदान होऊन मुलाखती सुरू होईपर्यंत तो माल बाजारातून संपलेला असतो.

शेतात काय आढळले

२०१३ पासून अमेरिकेत उन्हाळ्याच्या दिवसांत वारंवार उद्भवणाऱ्या रुग्णांचा संबंध मेक्सिकोतील पुएब्ला राज्यातून आलेल्या कोथिंबिरीशी जोडला गेला. २०१३ ते २०१५ या काळात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी तेथील ११ शेते व पॅकिंग केंद्रांची पाहणी केली. त्यांपैकी आठ ठिकाणी आक्षेपार्ह स्थिती दिसली. काही शेतांत मानवी विष्ठा आढळली. मजुरांसाठी पुरेशी शौचालये आणि हात धुण्याची सोय नव्हती. एके ठिकाणी तर मजुरांना हात धुण्यासाठी साठविलेल्या पाण्याच्या टाकीतच सायक्लोस्पोरा सापडला. २०१५ मध्ये अमेरिकेने एप्रिल ते ऑगस्ट या काळात तेथील कोथिंबिरीच्या आयातीवर निर्बंध घातले.

जुड्यांच्या तपासणीतून जे क्वचितच उघड झाले असते, ते शेताच्या पाहणीतून स्पष्ट दिसले. नंतरच्या काळात शेतीला दिल्या जाणाऱ्या पाण्याचे दहा लिटरचे नमुने गाळून त्यातील परजीवी शोधण्याची पद्धतही तयार करण्यात आली. तपासणीचा रोख पानांवरून पाण्याकडे वळविण्यामागे हेच कारण आहे. एका दूषित टाकीतून हजारो जुड्यांपर्यंत संसर्ग जातो, आणि ती टाकी शोधणे हजारो जुड्या तपासण्यापेक्षा सोपे असते.

भारताच्या दृष्टीने

हा विषय केवळ अमेरिकेपुरता मर्यादित नाही. शेजारच्या नेपाळमध्ये पावसाळ्याच्या सुमारास सायक्लोस्पोराचे रुग्ण आढळत असल्याचे १९९० च्या दशकापासून ज्ञात आहे. १९९४ मध्ये पोखरा येथील ब्रिटिश लष्कराच्या एका छोट्या तुकडीतील सैनिक व कुटुंबीय मिळून १४ पैकी १२ जण आजारी पडले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन होते, तरीही त्यात सायक्लोस्पोरा सापडला. जीवाणूंना मारणारी क्लोरीनची नेहमीची मात्रा या कवचापुढे निष्प्रभ ठरते, हे या घटनेतून दिसून आले.

भारतात अधिक गंभीर चिंता पट्टकृमीच्या अंड्यांची आहे. अन्नातून पसरणाऱ्या २४ परजीवींची क्रमवारी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात डुकराशी संबंधित पट्टकृमी, टिनिया सोलियम, पहिल्या स्थानावर आहे. त्याची अंडी पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी तयार करू शकतात आणि रुग्णाला फेफरे येऊ लागते. या विकारास न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात. भारतात अपस्माराच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते.

डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्या शाकाहारी व्यक्तींनाही हा विकार होतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. अपुरे शिजलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी मात्र अंडी पोटात गेल्याने होतात, आणि ही अंडी अशा बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. दूषित पाणी, न धुतलेले हात आणि कच्च्या भाज्या यांच्याद्वारे ती कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. कोबीतील हिरवी अळी मेंदूत शिरते, ही सर्वत्र पसरलेली समजूत याच वस्तुस्थितीचा विपर्यास आहे. कोबीवरची अळी हे फुलपाखराचे किंवा पतंगाचे पिल्लू असते आणि तिचा या आजाराशी संबंध नाही. धोका असलाच तर तो कोबीच्या पानांच्या घड्यांत अडकलेल्या, न दिसणाऱ्या अंड्यांचा असतो. ती कोबीप्रमाणेच पालकावर, गाजरावर किंवा कोथिंबिरीवरही असू शकतात.

सांडपाण्यावर भाजीपाला पिकविण्याची प्रथा देशातील अनेक शहरांच्या परिसरात आढळते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना द्यावयाच्या अशा पाण्यात प्रतिलिटर एकापेक्षा अधिक कृमी-अंडे नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. सांडपाणी संथ तळ्यांत पुरेसे दिवस साठविल्यास जड अंडी तळाशी बसतात, आणि या साध्या उपायानेही त्यांचे प्रमाण पुष्कळ घटते.

घरात घ्यावयाची काळजी

घरगुती पातळीवर सर्वात भरवशाचा उपाय उष्णता हाच आहे. शिजविलेल्या भाजीत आणि उकळलेल्या पाण्यात हे परजीवी टिकत नाहीत. कच्च्या खावयाच्या भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुतल्यास परजीवींची संख्या कमी होते. पालेभाजीची पाने सुटी करून, आधी माती काढून, दोन-तीनदा पाणी बदलून धुणे हितावह असते. काकडी, गाजर यांची साल काढणेही उपयुक्त ठरते. मिठाचे पाणी, व्हिनेगर किंवा क्लोरीनचे थेंब यांवर मात्र परजीवींच्या बाबतीत विसंबून राहता येत नाही. धुण्याने धोका कमी होतो, तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींसाठी शिजविलेल्या भाज्याच अधिक सुरक्षित आहेत. अतिसार आठवडाभराहून अधिक काळ टिकल्यास डॉक्टरांशी परजीवी तपासणीविषयी बोलणे योग्य ठरते. सायक्लोस्पोरावर ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्झाझोल हे जोड औषध परिणामकारक आहे, मात्र ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

प्रयोगशाळेतील तपासणीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. साथीचा उगम शोधण्यासाठी, निरपराध उत्पादकाला दोषमुक्त करण्यासाठी आणि पाण्याचे स्रोत पारखण्यासाठी ती अत्यावश्यक आहे. मात्र सुरक्षिततेचा दाखला म्हणून तिच्याकडे पाहणे योग्य नाही. सायक्लोस्पोरा आणि पट्टकृमी या दोहोंच्या बाबतीत भाजीवर येणारा संसर्ग मानवी मैल्यातून निघतो, आणि तो शेताच्या बांधावरच अडविणे शक्य असते. भाजी खुडणाऱ्या मजुराला जवळच शौचालय आहे काय, हात धुण्यास स्वच्छ पाणी आणि साबण आहे काय, आणि पिकाला कोणते पाणी दिले जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे अनेकदा नकारात्मक आलेल्या अहवालापेक्षा अधिक काही सांगून जातात.